स्वयंपाकघराचे काम काढताना रंगाआधी नळ आणि वायरिंग पाहा

कपाटांच्या शटरचे (दारांचे) रंग आधी ठरवणे ही पहिल्यांदा काम काढणाऱ्या बहुतेकांची चूक असते. प्रथम नळाच्या जुन्या लाइनी आणि सांडपाण्याचा उतार तपासून घ्यावा, आणि ओव्हनसाठी १६ अँपिअरचा पॉइंट टाइल्स बसण्यापूर्वीच काढावा, अन्यथा नवी भिंत फोडावी लागते.

ओट्याची उंची मिस्त्रीच्या सवयीवर सोडू नये. रोज पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीलाच उभे करून, तिच्या कोपराखाली चार-सहा इंचांवर भिंतीवर खूण करावी. (आमचा ओटा ३६ इंचांचा झाला आणि आई आजही पाटावर उभी राहून कणीक मळते.)

अंदाजपत्रकात तोडफोड, राडारोडा वाहून नेणे आणि मजुरी स्वतंत्र लिहून घ्यावी, शिवाय किमान १५ टक्के रक्कम राखून ठेवावी. सिंकखाली मात्र बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लायवुडच वापरावे.