आधी एक गुऱ्हाळ पुरं कर

पत्र : मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चुलतभावाच्या जुन्या डीएसएलआरवर फोटो काढतो. रंकाळा, जोतिबाची यात्रा, मित्रांचे पोर्ट्रेट, फुलांवरचे किडे, कृष्णधवल रस्ते, मामाच्या गावचं गुऱ्हाळ, सगळं करून पाहिलं. प्रीसेट (रंगांचं तयार सेटिंग) लावून एडिटही करतो. मित्र म्हणतात, तुझी अशी एक स्टाइल नाही. बाबा म्हणतात, हौस म्हणून कर, पोटासाठी नोकरी बघ. मला यातच करिअर करायचं आहे. एकच प्रकार धरू का? कॉलेज सोडून कोर्सला जाऊ का? सोबत काही फोटो पाठवतोय.

उत्तर :

तू पाठवलेल्या फोटोंपैकी मी परत परत उघडले ते गुऱ्हाळाचे. रसाच्या काहिलीवर, म्हणजे त्या मोठ्या कढईवर, वाफ चढली आहे, गूळ करणारा गुळव्या वाकून रस बघतोय, मागं चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या माणसाचा अर्धा चेहरा जाळानं उजळलाय. रंकाळ्याच्या सूर्यास्तापेक्षा हा फोटो पुष्कळ सरस आहे. कॅमेरा तोच, लेन्स तीच. पण तिथं काय चाललंय हे तुला लहानपणापासून माहीत आहे. गुळव्या कधी वाकणार हे ठाऊक होतं, म्हणून तू आधीच जागा धरून उभा होतास.

मित्रांचं म्हणणं फार मनावर घेऊ नकोस. या वयात स्टाइल नसणं हा दोष नव्हे, चार वाटा चालून बघायलाच हव्यात. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. दर वेळी तुझा विषय बदलतो, उजेड बदलतो आणि प्रीसेटही बदलतो. मग एखादा फोटो जमला तर तो कशामुळे जमला आणि फसला तर कुठं फसला, हे तुला कळणार कसं? इतकी धडपड करून हाती शिकणं थोडंच येतंय.

म्हणून माझं सांगणं असं, की या हंगामात मामाच्या गावचं ते एकच गुऱ्हाळ धर आणि तुला आवडणारे सगळे प्रकार तिथंच करून बघ. एका खेपेला फक्त माणसं : गुळव्या, चुलवाणावरचा माणूस, मोळ्या टाकणारी पोरं, प्रत्येकाला पुरेसा वेळ देऊन. एका खेपेला माणूस अजिबात नको, नुसती मळी, फेस, गार होणाऱ्या ढेपेची कणी. किड्यांसाठी जो क्लोजअप शिकलास तो इथं कामाला येईल. एकदा सगळं कृष्णधवल. एकदा पहाटेपासून, एकदा रात्री. आणि एकदा ढेपांच्या मागोमाग मार्केट यार्डात जा, गुळाचा सौदा कसा होतो ते टिप. जागा तीच राहिली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली, की फरक कशानं पडतो ते आपोआप दिसायला लागतं. मुंबईच्या सफाई कामगारांवर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो मिळवून नीट बघ. एका विषयात किती मावतं याचा तुला अंदाज येईल.

आता एडिटिंगकडे येतो, कारण तुझं खरं नुकसान तिथं होतंय.

गुऱ्हाळात तीन तऱ्हेचा उजेड असतो. जाळाचा रंग 2000 केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं माप) आसपास, तांबूस. दारातून येणारा दिवसाचा उजेड साधारण 5500. आणि वर ट्यूबलाइट, तिची हिरवट झाक वेगळीच. तुझा प्रीसेट या तिन्हींवर एकच रंग ओततो. सावल्या निळसर झाल्यात, आणि गूळ चक्क केशरी पडलाय. मार्केट यार्डात गुळाचा भाव ठरताना रंग बघितला जातो, हे मामा तुला सांगतील. त्या गुळाचा रंग तू बदललास म्हणजे मालाची खोटी खबर दिलीस. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल) उघड, प्रीसेट काढून टाक. आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) असा लाव, की ढेपेचा रंग डोळ्यांनी पाहिला तसा दिसेल. जाळाची ऊब राहू दे, ती खरी आहे. ट्यूबलाइटचा हिरवेपणा तेवढ्या भागावर मास्क लावून उतरव. प्रत्येक बदलाचं कारण वहीत एका ओळीत लिही. कारण सुचलं नाही तर तो बदल मागं घे. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे पैसे परवडत नसतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरून उरतं.

जोतिबाच्या फोटोंत गुलालाचा नुसता सपाट गुलाबी पट्टा झालाय. सासनकाठ्या आहेत, माणसं आहेत, पण गुलालाचा पोत पार गेला. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही त्यातला लाल रंगाचा भाग, रेड चॅनेल, भरून वाहतो, तो वेगळा बघावा लागतो. पुढच्या चैत्रात एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेव आणि रॉमध्येच काढ. जेपीजी 8 बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. 14 बिट रॉमध्ये 16384. बारीक छटा तिथं टिकतात. (गुलालात लेन्स बदलू नकोस, सेन्सरवर बसलेला गुलाल निघता निघत नाही.) रंकाळ्याच्या फोटोत झाडांच्या कडेला पांढरी रेघ उमटली आहे, ती एडिटिंगमध्ये क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारी पट्टी) ताणल्यामुळे. मित्रांच्या चेहऱ्यांवरची त्वचा इतकी गुळगुळीत केलीस, की वीस वर्षांची मुलं बाहुल्यांसारखी दिसतात. हे दोन्ही बंद कर.

निवड हाही एडिटिंगचाच भाग आहे, आणि मला विचारशील तर सगळ्यात अवघड. हंगाम संपला की चांगले वाटलेले फोटो जवळच्या लॅबमधून साध्या पोस्टकार्ड आकारात छापून घे, जमिनीवर पसर आणि बारा शिल्लक राहीपर्यंत उचलत जा. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील तर एक काढायचा, कितीही लाडका असला तरी. स्टाइलचा विषय तेव्हा काढू. त्या बारांत काय पुन्हा पुन्हा येतंय ते तुला स्वतःलाच दिसेल.

कॉलेज सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआयमधल्या (फिल्म इन्स्टिट्यूट) सिनेमॅटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा फोटोग्राफी डिझाइनचा एम.डेस. गांधीनगरला आहे, तोही पदवीनंतरचाच. पात्रतेचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून घे. तिथं प्रवेश परीक्षेबरोबर तुझ्या कामालाही महत्त्व असतं, आणि सुटे सुंदर फोटो घेऊन गेलेल्या मुलापेक्षा एक विषय तडीस नेलेला मुलगा उठून दिसतो. पुण्यात सिंबायोसिसमध्ये पदवीपासूनचा फोटोग्राफीचा अभ्यासक्रम आहे, पण तू दुसऱ्या वर्षापर्यंत आला आहेस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून तेवढी फी भरणं मला तुझ्या बाबतीत पटत नाही.

तोवर कमाईचं काय? लग्नाच्या ऑर्डरींना नाक मुरडू नकोस. एखाद्या चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा धर. घाईगर्दीत, मिळेल त्या उजेडात काम करणं तिथं शिकायला मिळतं. पण माझा डोळा दुसरीकडे आहे. हुपरीची चांदी, कोल्हापुरी चप्पल, गूळ, हे सगळं आता ऑनलाइन विकलं जातं आणि प्रत्येक वस्तूला फोटो लागतो. चांदीचं पैंजण काढून बघ. चकाकीत तुझं स्वतःचं प्रतिबिंब येईल. बटर पेपरमधून उजेड गाळून घ्यायचा आणि काळ्या कार्डशीटनं कडा उठवायच्या, हे घरच्या टेबलावर जमतं. इथं तुझं बी.कॉम. कामाला येतं : दर ठरवणं, बिल करणं, लेखी करार. हे माहीत असू दे, की 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार केला नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. स्वतःच्या पोर्टफोलिओत वापरण्याची परवानगी आधीच लिहून घे.

बाबांविषयी. त्यांची भीती रास्त आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. हे खूळ या गावाला नवं नाही, एवढं मात्र त्यांना जरूर सांग. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच शहरात तयार केला, आणि त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे. पण घर नुसत्या अभिमानावर चालत नाही, हे त्यांना तुझ्याआधी कळलंय. म्हणून आजपासून एक हिशेबाची वही घाल. पेट्रोल, प्रिंट, भाड्यानं आणलेली लेन्स एका बाजूला. पैंजणाच्या, लग्नाच्या कामाचे आलेले पैसे दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की ती वही आणि गुऱ्हाळाचे ते बारा प्रिंट त्यांच्यापुढे ठेव. नोकरीचं काय करायचं ते तेव्हा दोघं मिळून ठरवा.