जुनी पॅलिओ जीटीएक्स घरी दुरुस्त करताना

तुमची जुनी फियाट पॅलिओ जीटीएक्स घरीच दुरुस्त करून तिच्या इंजिनाची ताकद वाढवायची, असे तुम्ही म्हणता. पण गाडी सुमारे वीस वर्षांची आहे, त्यामुळे ताकदीचा विचार तूर्त बाजूला ठेवून पहिला महिना ब्रेक आणि टायमिंग बेल्टला (इंजिनातल्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याला) द्यावा. ब्रेकची रबरी नळी बोटांत धरून हलकेच वाकवा. वाकलेल्या भागावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, तर त्या नळीवर कसारा घाट उतरू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर तापल्यावर वाफ धरून पेडल एकाएकी मऊ पडते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजा.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे. जॅक स्टँड (उचललेली गाडी तोलून धरणारे पक्के आधार) लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालू नका.
- एक काम पुरे होण्याआधी दुसरे उघडणे.
- गंजलेल्या बोल्टवर जोर करणे. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबा.

सस्पेन्शनचे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग-शॉकचे) काम नंतर पाहू. पहिले ब्रेकचे काम मात्र एकट्याने करू नका. रविवारी सकाळी मी आनंदाने येईन.