‘रॉयल वेल्च’ लिहावे की ‘रॉयल वेल्श’?

ब्रिटिश सैन्यातील ‘रॉयल वेल्च फ्युजिलिअर्स’ या रेजिमेंटचे नाव मराठीत लिहिताना ‘वेल्च’ लिहावे की ‘वेल्श’, आणि संपूर्ण नावाचे ‘शाही वेल्श बंदूकधारी’ असे भाषांतर चालेल काय, असा प्रश्न विचारला गेला आहे. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. इंग्रजीत Welsh ऐवजी Welch, म्हणजे ‘श’च्या जागी ‘च’ दिसावा अशी अक्षरयोजना असली, तरी उच्चार ‘वेल्श’ असाच होतो. देवनागरीत आपण परकी नावे उच्चाराप्रमाणे लिहितो, म्हणून मराठीत ‘वेल्श’ हेच रूप योग्य आहे.

मात्र ते वेगळे अक्षर छापखान्याची चूक नव्हे. अठराव्या शतकात ही दोन्ही स्पेलिंगे सर्रास चालत असत आणि रेजिमेंटने त्यांतील जुने आपलेसे केले. १८८१च्या सैन्यसुधारणेत सरकारी नावात प्रचलित ‘वेल्श’ आले, तरी रेजिमेंटमध्ये जुन्या अक्षराचा आग्रह सुटला नाही आणि अखेर १९२० मध्ये ते अधिकृतपणे परत मिळाले. १९१५ मध्ये राजा पंचम जॉर्जच्या आज्ञेने उभ्या राहिलेल्या ‘वेल्श गार्ड्स’च्या नावात मात्र ते कधीच नव्हते. पुढे १ मार्च २००६ रोजी, म्हणजे वेल्सचे संत डेव्हिड यांच्या दिवशी, ही रेजिमेंट ‘रॉयल रेजिमेंट ऑफ वेल्स’मध्ये विलीन होऊन ‘रॉयल वेल्श’ ही नवी रेजिमेंट झाली, तेव्हा नव्या नावातून जुने अक्षर गेले. मराठीत हा भेद लिपीतून दाखवता येत नाही, म्हणून विषय स्पेलिंगचाच असेल तेव्हा तो एका वाक्यात सांगून टाकावा. एरवी त्याची गरज नाही.

भाषांतराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘फ्युजिलिअर’ हा शब्द ‘फ्युझिल’ या फ्रेंच मूळच्या शब्दावरून आला असून फ्युझिल म्हणजे चकमकीच्या, अर्थात गारगोटीच्या ठिणगीने उडणारी हलकी बंदूक. १६८९ मध्ये लॉर्ड हर्बर्ट ऑफ चर्बरी याने लडलो येथे ही रेजिमेंट उभी केली, त्या काळी बहुतेक पायदळाच्या हाती अजून तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका असत. तोफखान्याच्या दारूच्या पिंपांजवळ जळता तोडा घेऊन पहारा देणे हे संकट ओढवून घेण्यासारखे होते, म्हणून तोफांच्या रक्षणासाठी चकमकीच्या बंदुकांचे शिपाई नेमण्याची पद्धत पडली. हे लक्षात घेतले, तर ‘बंदूकधारी’ हा शब्द फार ढोबळ ठरतो. जुन्या कागदपत्रांतील ‘बरकंदाज’ हा शब्द कोणाला मोह घालील, पण तो तर नेमका तोड्याच्या बंदुकीच्या शिपायासाठी रूढ होता! तेव्हा ‘फ्युजिलिअर्स’ तसेच ठेवणे बरे.

‘शाही’ला माझा आक्षेप याहून मोठा आहे. आजच्या मराठीत ‘शाही’ म्हटले की शाही थाट, शाही मेजवानी आठवते; सैन्याच्या नावातील ‘रॉयल’ ही राजसत्तेने बहाल केलेली सन्मानाची पदवी आहे. १७०२ मध्ये या रेजिमेंटच्या नावात वेल्श हा शब्द होता, पण ‘रॉयल’ नव्हता; ही पदवी राणी ॲनच्या कारकिर्दीच्या अखेरीस मिळाली. लगेच पुढे, १७१४ मध्ये, नव्या प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढे दुसरा जॉर्ज झालेल्या राजपुत्राचे नाव तिला जोडले गेले, आणि त्याच नात्याने तीन पिसांचे राजचिन्ह तिच्याकडे आले. महाराष्ट्रालाही या पदवीचा अनुभव आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत लढलेली ११७वी मराठा पलटण १९२१ मध्ये ‘रॉयल’ झाली. तिला ‘शाही मराठे’ म्हणून पाहा, म्हणजे भाषांतर कोठे फसते ते कळेल.

‘कर्नल-इन-चीफ’ या पदाचेही असेच आहे. राणी दुसरी एलिझाबेथ या रेजिमेंटची कर्नल-इन-चीफ होती आणि २००६ नंतर ‘रॉयल वेल्श’चीही. हे पद मानाचे आहे, त्यामुळे ‘सरसेनापती’ हा अनुवाद सरळ चुकीचा आहे. ‘मानद प्रमुख’ म्हणता येईल.

राजघराण्याशी असलेले या रेजिमेंटचे सर्वांत लोभस नाते बोकडाचे आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील १७७५च्या बंकर हिलच्या लढाईतही एक बोकड तिच्याबरोबर असल्याचे सांगतात. १८४४ मध्ये राणी व्हिक्टोरियाने विंडसरच्या आपल्या कळपातून एक बोकड भेट दिला आणि राजाकडून बोकड येण्याची प्रथा पडली. या बोकडाला सैनिकाचा दर्जा असतो. २००६ मध्ये सायप्रसमधील राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात विल्यम विंडसर नावाचा बोकड रांगेत नीट चालला नाही, म्हणून त्याला लान्स कॉर्पोरलवरून साधा फ्युजिलिअर करण्यात आले. काही महिन्यांनी पद परत मिळाले. येथे अनुवादकांनी एक पथ्य पाळावे. ‘गोट मेजर’ म्हणजे मेजर हुद्द्याचा बोकड नव्हे. तो बोकडाची देखभाल करणारा सैनिक असतो, आणि हुद्द्याने बहुधा कॉर्पोरल असतो. ‘ड्रम मेजर’मधील ‘मेजर’ जसा हुद्दा दाखवत नाही, तसाच हाही.