बाळ सांभाळणाऱ्या मावशींना न सांगता घरात कॅमेरा लावावा का?

ताई, तुम्ही दोघं मिहानमध्ये नोकरीला, मनीषनगरला फ्लॅट, मुलगी चौदा महिन्यांची. सांभाळायला मावशी ठेवल्या, पण हल्ली सकाळी त्या आल्या की मुलगी रडते. म्हणून त्यांना न सांगता घड्याळातला किंवा चार्जरमधला कॅमेरा लावावा का, आणि ते कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

नागपुरात आमचं सीसीटीव्हीचं दुकान आहे. कॅमेरे नवरा बसवतो, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. हीच मागणी घेऊन आईबाप नेहमी येतात आणि मी त्यांना लपवायचा कॅमेरा देत नाही. कॅमेरा जरूर लावा, पण दिसेल असा लावा आणि मावशींना आधी सांगा.

कारण तुम्हाला लेकरू सुखरूप हवं आहे. लपवलेल्या कॅमेऱ्यात दिसतं ते तिच्यावर आधीच बेतलेलं असतं. समोर कॅमेरा आहे हे माहीत असलेलं माणूस रागाच्या भरातही हात आवरतं. शिवाय त्या घड्याळा-चार्जरच्या वस्तू कामाच्याही नसतात. बॅटरीवरचे बहुतेक तास-दोन तासांत बंद पडतात. प्लगमधल्याला जिथे सॉकेट तिथूनच बघावं लागतं, म्हणजे अर्धा सोफा आणि पडदा. अनेकांचं ॲप कुणाचं, चित्रं कुठल्या सर्व्हरवर जातात, याचा पत्ता लागत नाही. आपल्या मुलीचे आंघोळीनंतरचे, कपडे बदलतानाचे क्षण अशा ॲपच्या हाती द्यायचे का, हा विचार करा.

आता रडण्याबद्दल. या वयात आई निघाली की मूल रडतं, आणि ते मावशींना पाहूनच सुरू होतं, कारण मावशी आल्या म्हणजे आई जाणार हे त्याला कळतं. तुम्ही गेल्यावर थोड्या वेळात ती खेळायला लागत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुट्टीच्या दिवशी मावशींना बोलवा आणि तुम्हीही घरातच थांबा. तुम्ही समोर असतानाही ती त्यांच्याकडे जायला घाबरते का, त्यांनी हात उचलला की अंग चोरते का, हे बघा. गुडघ्यावर, कपाळावर टेंगूळ येणं या वयात रोजचंच. कानावर, पाठीवर, दंडावर बोटांच्या खुणा मात्र साध्या नसतात. रोज संध्याकाळी मूल गुंगीत असल्यासारखं वाटत असेल तर झोपवायला खोकल्याचं औषध वगैरे दिलं जात नाही ना, हे डॉक्टरांना विचारा.

यातलं काही खरंच दिसलं, तर पुराव्यासाठी मुलीला आणखी एक दिवसही त्या हातात ठेवू नका. कॅमेऱ्याची वाट न पाहता सुट्टी काढा, आजीला बोलवा, शेजारी विचारा. हे मी प्रत्येक आईला हात जोडून सांगते.

कायद्याचं सांगायचं तर आपल्या घरात, हॉलमध्ये किंवा बाळाच्या खोलीत, सुरक्षेसाठी कॅमेरा लावायला बंदी नाही. पण बाथरूममध्ये किंवा मावशी साडी बदलतात, रात्री राहत असतील तर झोपतात, तिथे कॅमेरा लावाल तर तुम्हीच गुन्हेगार ठराल. बाईचे असे खाजगी क्षण टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि आयटी कायद्याचं कलम ६६ई वेगळं लागू शकतं. ‘मुलीसाठी लावला होता’ म्हणून सुटका होईल असं समजू नका. माईकही बंद ठेवा. त्या फोनवर आपल्या घरच्यांशी काय बोलतात, ते ऐकायची तुम्हाला गरज नाही.

सांगायचं कसं, याचाच सगळ्यांना संकोच वाटतो. चहा देऊन, समोर बसवून साधं सांगा: ‘मावशी, हॉलमध्ये आणि बाळाच्या खोलीत कॅमेरा लावतोय. ऑफिसमधून तिला बघता येईल. उद्या तुमच्यावर कुणी खोटा आळ घेतला, तर तो तुमच्याही कामी येईल.’ कपडे बदलायला, घडीभर आडवं व्हायला बिनकॅमेऱ्याची जागा दाखवून द्या. आणि त्यांच्याकडे बाळाशिवाय भांडी, झाडू-पोछा, स्वयंपाकही टाकला असेल तर तो कमी करा. चार कामं एका बाईवर टाकली की पहिली चिडचिड लेकरावर निघते. फ्लॅटमध्ये लपवलेला कॅमेरा फार दिवस लपत नाही, ताई. एकीला सापडला की सगळ्या बिल्डिंगच्या बायांना कळतं, आणि मग चांगली मावशी तुमच्या दारात उभी राहत नाही.

बसवताना एक गोष्ट विसरू नका. बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्या मोबाईलवर अकाउंट उघडून तुम्हाला नुसतं शेअर करून देतो. म्हणजे मालक तो, तुम्ही पाहुण्या. अकाउंट तुमच्याच नंबरवर उघडा, पासवर्ड लगेच बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. राऊटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर मे महिन्यात वादळ आलं आणि लाईन गेली की नेमकं काही दिसणार नाही. एसडी कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

कधी काही वावगं दिसलंच, तर तो तुकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यात तुमच्या मुलीचा चेहरा असतो. कार्ड काढून तसंच्या तसं जपा, काटछाट करू नका. मुलीला मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून कागद करून घ्या आणि ११२ किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा. सांभाळणाऱ्याने मुलाला मारणं, छळणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून नीट करून घ्या.

कॅमेऱ्याचं सांगितल्यावर मावशींनी काम सोडलं तर काय, असंही तुम्ही विचारलंय. आधी कारण विचारा. पुष्कळदा त्यांना आपला फोटो कुठेतरी जाईल ही भीती असते. तुमच्या मोबाईलवर काय दिसतं ते एकदा दाखवलं की ती जाते. तरीही त्या नाही म्हणाल्या तर जाऊ द्या, आणि सोमवारी तुमच्या एचआरला पाळणाघराबद्दल विचारा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीला ती सोय करणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा तुम्हाला मुलीकडे जाऊन येता येतं. मिहानमध्ये कितीतरी आया हे मागतच नाहीत. तुम्ही लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.