‘तथापि’ पाठ आहे, पण निबंध तुटकच

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तोंडी विचारलं तर सगळं धडाधड सांगतो, लिहायला बसला की अडतो. ‘वाक्ये तुटक आहेत’ असा शेरा आला म्हणून शिकवणीत जोडशब्दांची यादी पाठ करून घेतली. आता तो असं लिहितो : ‘आम्ही कपाशी लावली. परंतु पाऊस आला नाही. तथापि कोंब सुकले. शिवाय बाबांनी दुबार पेरणी केली. परंतु पैसे नव्हते. तसेच कर्ज काढले.’ काय करू?
– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं ‘तोंडी धडाधड सांगतो’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

त्याची वही मिटवा. शेताच्या धुऱ्यावर बसा आणि विचारा, ‘काऊन सुकले रे कोंब?’ तो साधारण असं सांगेल : ‘पानी आला नाई मून सुकले. काऊन की आपलं वावर बरड हाय. घरी पैसा नोता, तरी बाबानं दुबार पेरलं.’ (वावर म्हणजे शेत; बरड म्हणजे हलकं, ओल न धरणारं.) मून, काऊन की, तरी. सगळे जोडशब्द आले, तेही अचूक जागी. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवताना मी हेच पाहिलं. बोलताना मुलाला कारण कोणतं, परिणाम कोणता हे पक्कं ठाऊक असतं. यादी हातात आली की तो नातं विसरतो आणि शब्द चिकटवतो.

त्याच्या ओळी पाहा. पाऊस नाही आणि कोंब सुकले, हे एका दिशेचं आहे. तिथं ‘त्यामुळे’ हवं. ‘तथापि’ म्हणजे ‘तसं असूनही’. पाऊस नसूनही कोंब तगले असते, तर तो शब्द शोभला असता. ‘शिवाय’ने एकाच बाजूची भर पडते, आणि दुबार पेरणी ही काही सुकलेल्या कोंबांत पडलेली भर नव्हे. कर्जाचं तर ‘तसेच’ नाहीच, ‘त्यासाठी’ आहे. कर्ज कशापायी काढलं हे त्या एका शब्दात येतं, आणि त्याच्या निबंधातली सर्वांत जड गोष्ट तीच आहे.

‘म्हणून’ मात्र नीट समजावून सांगा. ‘पीक गेलं म्हणून पेरलं’ यात कारण आहे, ‘पीक यावं म्हणून पेरलं’ यात हेतू. शब्द एकच, फरक क्रियापदात. मुलांना हे दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात.

आणखी एक. मराठीला जोडायला दर वेळी वेगळा शब्द लागत नाही. ‘बाबांनी कर्ज काढलं आणि मग बियाणं आणलं’ याऐवजी ‘कर्ज काढून बियाणं आणलं’. ‘पाऊस न आल्याने’, ‘निंदण करताना’, हेही जोडच आहेत. नवा परिच्छेद सुरू करताना ‘त्या कर्जाचे...’ एवढं लिहिलं तरी मागचा धागा हातात राहतो. यादीत हे सहसा नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्याला लिहू द्या, आधी घरच्या बोलीत. मग ‘मून’चं ‘म्हणून’ आणि ‘काऊन की’चं ‘कारण’ त्यानंच करावं. बोली चुकीची आहे असं मात्र कुणी त्याला सांगू नये. मी ओळी जुळवून पाहिल्या : ‘पाऊस आला नाही. आमचं वावर बरड, त्यामुळे कोंब लवकर सुकले. घरी पैसे नव्हते, तरी बाबांनी दुबार पेरणी केली. त्यासाठी कर्ज काढलं.’

तुम्ही पाठवलेला निबंध कर्जापाशीच थांबला आहे. दुसऱ्यांदा पेरलेलं उगवलं का, ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि मला पाठवा.