कंपल्सरी शिक्षण : सक्ती नक्की कोणावर?

प्रश्न : माझा भाऊ आणि भावजय दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पोरगी चौथीत आहे, तिलाही बरोबर नेतात, कारण धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नाही. यंदा शाळेतले एक गुरुजी भावाला म्हणाले, "शिक्षण कंपल्सरी आहे, पोरगी नेलीस तर दंड बसेल." मुकादम म्हणतो, असलं काही नसतं. कायद्याच्या नावात 'हक्क' आहे आणि 'सक्ती'ही आहे. हक्क असेल तर त्याची सक्ती कशी? या 'कंपल्सरी'चा अर्थ धरायचा तरी काय?
— एक वाचक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, आधी भावाच्या मनातली धास्ती काढून टाका. ज्या कायद्याबद्दल गुरुजी बोलले तो 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९'. त्यात पोरगी बरोबर नेली म्हणून आईबापाला दंड करणारं कलमच नाही. तिच्या हातात कोयता दिला तर गोष्ट वेगळी, तो बालमजुरीचा प्रश्न आणि त्याचा कायदाही निराळा.

पण म्हणून मुकादमाचं खरं झालं असं समजू नका. सक्ती आहे, चांगली खणखणीत आहे. ती कोणावर आहे, एवढंच दोघांनीही तुम्हाला सांगितलेलं नाही.

'कंपल्सरी' हा शब्द आपण नेहमी अर्धवट वापरतो. हेल्मेट कंपल्सरी, गणित कंपल्सरी, सभेला हजर राहणं कंपल्सरी. कोणाला, हे कोणी बोलत नाही. समोर उभा असेल त्याच्यावरच ते येऊन पडतं. इंग्रजीत या शब्दाच्या मागे 'फॉर' लावून कोणासाठी ते सांगायची सोय आहे, पण फलकावर आणि परिपत्रकात ती गाळली जाते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'एकत्र हाकणे'. आपला 'सक्ती' हा शब्द फारसी 'सख्त'वरून आलेला, म्हणजे कडक. दोन्ही शब्दांत जोर आहे, पण जोर कोण लावतो आणि कोणावर, याचा पत्ता दोन्हींत नाही. तो कायद्याच्या मजकुरातच शोधावा लागतो.

आपल्याकडे हा पत्ता काळाप्रमाणे बदलत गेला. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या सक्तीत पालकाकडे बोट होतं. मूल शेतावरून, गुरांमागून सोडवून आणायचं होतं. शाहू महाराजांनी दंडाबरोबर शाळाही काढल्या, म्हणून त्या सक्तीला मी नावं ठेवणार नाही. तुमच्या गुरुजींच्या बोलण्यात मात्र तोच जुना अर्थ उरलाय, आणि तोही नुसत्या दंडापुरता.

राज्यघटना आली तेव्हा ४५व्या अनुच्छेदात लिहिलं गेलं की, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्न करील. दहा वर्षं १९६० ला संपली. प्रयत्न करणाऱ्याला जाब विचारता येत नाही, ही त्यातली खोच. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आणला आणि तिथे 'प्रयत्न' गेला: सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांना राज्य शिक्षण देईल. ही दुरुस्ती आणि २००९ चा कायदा, दोन्ही १ एप्रिल २०१० पासून लागू झाले.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. या कायद्याच्या कलम ८ मध्ये 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे काय याचा खुलासाच दिला आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत प्राथमिक शिक्षण देणं, आणि त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरं होणं या तिन्हींची खात्री करणं, हे *सरकारवरचं* बंधन. म्हणजे हक्क मुलीचा आणि सक्ती सरकारवर. मग दोन शब्द एकाच नावात नांदतात ते काही उगीच नाही. एकाचा हक्क खरा व्हायचा तर दुसऱ्या कोणाला तरी तो पुरवणं भाग असलंच पाहिजे. पालकांबद्दल कलम १० आहे. मूल शाळेत घालणं हे त्यांचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं, आणि तिथेच थांबतं.

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, तीही ऊसतोड्यांच्या गावांत. दिवाळीनंतर हजेरीपटावर नावांच्या ओळीच्या ओळी लाल शाईने 'स्थलांतरित' होत. हा एक शब्द लिहिला की पटावरचा हिशेब जुळायचा आणि मूल कुठे गेलं याची चौकशी संपायची. एकदा कारखान्याच्या तळावर गेले होते. कोप्यांच्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांच्या, रांगेत चौथीतलीच एक मुलगी भावाला कडेवर घेऊन बसली होती. आई फडात. मी विचारल्यावर तिने कोपीतून वही आणून दाखवली. भागाकाराचं गणित अर्धं सोडलेलं, वर समासात ऑक्टोबरातली तारीख, आणि पुढची सगळी पानं कोरी. तळावरून दिसेल एवढ्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा होती. तिला तिथे कोणी नेलं नव्हतं आणि तिथलं कोणी तळावर आलं नव्हतं. त्या मुलीच्या बापाला दंड करून काय साधलं असतं? नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, त्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला तो तिथे होता.

म्हणून मला 'कंपल्सरी'चा हा नवा अर्थ फार मोलाचा वाटतो, आणि तो जुन्या अर्थाने दडपला जातो तेव्हा राग येतो. कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे जिल्हा परिषदेला किंवा नगरपालिकेला, स्पष्ट सांगतं की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल याची खात्री करा. जिथून निघालात तिथल्या आणि जिथे तळ पडला तिथल्या, दोघांवरही हे आहे.

भावाला एवढं सांगा. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे शाळा सोडल्याचा दाखला मागायचा. कलम ५ प्रमाणे तो ताबडतोब द्यावा लागतो, आणि टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला हातात नसला तरी तेवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. ते कलम १४. आपल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही काढलं आहे, तेही मागून घ्या. त्यावर मूल काय शिकलंय ते लिहिलेलं असतं, म्हणजे तिकडच्या बाईंना पहिल्यापासून चाचपडावं लागत नाही.

याहून बरा मार्ग म्हणजे पोरगी गावातच ठेवणं. तुमच्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालवली गेली आहेत. त्यांत मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते. गावात ते यंदा सुरू होणार आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारा, तोंडी नको, अर्ज देऊन आणि पोच घेऊन. धाकट्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला कळतं. तो प्रश्न तळावरच्या पाळणाघराचा आहे, आणि पाळणाघर नाही म्हणून थोरलीची शाळा बुडते हे त्याच अर्जात लिहा.

गुरुजींशी भांडू नका. कलम ८ उघडून त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, "गुरुजी, हजेरीची खात्री कोणी करायची आहे?"

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या अर्जात तिने 'कंपल्सिव्ह सब्जेक्ट्स' लिहिलंय. ती म्हणते कंपल्सरी आणि कंपल्सिव्ह एकच. बरोबर आहे का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : नाही. मूळ एक, वापर वेगळा. कंपल्सरी म्हणजे नियमाने, बाहेरून आलेली सक्ती. कंपल्सिव्ह म्हणजे मनाच्या आतून उठणारी, आवरता न येणारी ओढ: दाराची कडी लावलेली दिसत असूनही पुन्हा पुन्हा जाऊन पाहणं, हात धुतच राहणं. मानसोपचारात हा शब्द आजाराच्या नावात येतो आणि त्यावर औषधं व वर्तनोपचार दोन्ही आहेत, तेव्हा चेष्टेत वापरू नये. तिसरा भाऊ 'कंपेलिंग': पुरावा कंपेलिंग म्हणजे बिनतोड, कथा कंपेलिंग म्हणजे खिळवून ठेवणारी. अर्जात 'कंपल्सरी' करून घ्या.