वाचकांचे प्रश्न : जुन्या मालट्रकच्या पाट्यांचे बोल्ट

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेला १९८६ सालचा छोटा मालट्रक असून द्राक्षांच्या हंगामात तो पिंपळगाव ते नाशिक अशा फेऱ्या अजूनही करतो. मागच्या डाव्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा बोल्ट, म्हणजे मुख्य पाट्याच्या वळवलेल्या टोकातील रबरी बुशमधून जाणारा, मध्येच तुटला. नाशिकच्या एका दुकानातून ‘सोळाचा’ बोल्ट आणला. तो भोकात नीट बसला, परंतु जुना नट त्यावर दोन-तीन आटे फिरून अडकला. लेथवाले सळईतून तसाच बोल्ट काढून देतो म्हणतात, तर मेकॅनिकचा आग्रह सर्वांत कडक, १२.९ चा बोल्ट टाकण्याचा आहे. गाडीचे पुस्तक हरवले आहे. काय करावे?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नट अडकल्यावर आपण तो लांब पान्याने रेटला नाहीत, हे फार चांगले केलेत. तसा रेटलेला नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे चिरडलेले असतात आणि भरल्या गाडीखाली तो केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. हा बोल्ट नीट बसेपर्यंत गाडीवर माल चढवू नये.

आपल्या बोल्टांपैकी एक मिलिमीटरचा आणि दुसरा इंची असावा, असा माझा तर्क आहे. जुन्या गाड्यांत मूळ बनावटीमुळे किंवा आधीच्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्यांमुळे दोन्ही मापे एकाच पाट्यावर सापडतात. १६ मिमीचा बोल्ट आणि पाच अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.८७५ मिमीचा बोल्ट व्हर्नियरने मोजून वेगळे ओळखता येत नाहीत, कारण नटात सहज फिरावा म्हणून बोल्ट नेहमी नाममापापेक्षा किंचित बारीक केलेला असतो आणि त्यामुळे दोन्ही साधारण १५.८ मिमीच भरतात. फरक कळतो तो आट्यांवरून. एका आट्याच्या कडेपासून अकराव्या आट्याच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजावे : १५ मिमी आले तर बारीक आट्यांचा सोळाचा बोल्ट, २० मिमी आले तर जाड आट्यांचा, आणि जेमतेम १४ मिमी भरले तर तो इंचाला १८ आटे असलेला इंची बोल्ट समजावा. याहून सोपी परीक्षा म्हणजे जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरणे. पूर्ण लांबीभर फट दिसली नाही, तरच आटे जुळले. जुना नट मात्र पुन्हा वापरू नये. बोल्टासोबत त्याच आट्यांचा आणि त्याच तोलाचा नवा नट घ्यावा, १०.९ च्या बोल्टाला १० क्रमांकाचा नट लागतो.

आता ताकदीविषयी. बोल्टाच्या डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा आकडा म्हणजे माप नव्हे, ती पोलादाची प्रत आहे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटेपर्यंतचा ताण दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन हे मिळते, आणि दुसरा आकडा त्या ताणाच्या कितव्या दशांशाला बोल्ट कायमचा लांबू लागतो ते सांगतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबू लागतो, तर १०.९ चा १००० ला तुटतो आणि ९०० ला लांबू लागतो. इंची बोल्टांवर आकड्यांऐवजी रेघा असतात : तीन रेघांचा बोल्ट साधारण ८.८ च्या तोडीचा, सहा रेघांचा १०.९ च्या. तुटलेल्या बोल्टाचे डोके शिल्लक असेल तर तारेच्या ब्रशने घासून खूण वाचावी आणि तीच प्रत घ्यावी. डोक्यावर काहीच खूण नसलेला नवा बोल्ट, तो कितीही चकचकीत असला तरी, पाट्यासाठी घेऊ नये.

१२.९ चा आग्रह मला पटत नाही. ते पोलाद फार कडक असल्यामुळे त्याला लहानशी चीरही कमी सोसते, आणि अशा बोल्टाला गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिला, तर त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून बोल्ट काही दिवसांनी अचानक तुटू शकतो. लेथवर साध्या सळईतून काढलेल्या बोल्टाची ताकद ८.८ च्या जेमतेम निम्मी असते, म्हणून तोही नको. माप बाजारात मिळतच नसेल, तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएन २४ सारख्या मिश्र पोलादातून, डोक्याखाली गोलाई ठेवून बोल्ट करून घ्यावा, त्यावर उष्णोपचार करून घ्यावा आणि तिथेच कठिणता मोजून मागावी, १०.९ च्या बोल्टासाठी रॉकवेल सी मापावर ती ३२ ते ३९ च्या दरम्यान यायला हवी.

लांबी मोजताना आटे नसलेल्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. हँगरच्या, म्हणजे पाट्याचे टोक धरणाऱ्या चासीवरच्या कंसाच्या, दोन्ही कानांच्या भोकांत हा गुळगुळीत भाग यायला हवा, कारण आट्यांच्या खाचेत बोल्ट सर्वांत कमजोर असतो आणि भोकाची कडा नेमकी तिथे टेकली की तो तिथेच कापला जातो. उलट हा भाग फार लांब असेल, तर नट त्याच्यावर जाऊन अडतो आणि हँगर आवळलाच जात नाही.

बोल्ट का तुटला, हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा आणि उरलेला भाग खरबरीत दिसत असेल, तर बोल्ट एका धक्क्याने तुटलेला नसून चीर पुष्कळ दिवस वाढत होती. याचे नेहमीचे कारण म्हणजे ढिला नट. बुशच्या आतली पोलादी नळी हँगरच्या कानांत घट्ट दाबलेली असते आणि हालचाल फक्त रबराने सोसायची असते. नट ढिला पडला की नळी डुलते, बोल्टावर ठोके बसतात आणि भोक लांबट होते. भोक लांबट झाले असेल तर आधी हँगर बदलावा. बोल्टाचा शेवटचा आवळा मात्र गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच द्यावा, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते.

प्रश्न : पाटे दुरुस्तीला काढल्यावर जुने यू-बोल्ट परत लावले तर चालतात का?
— एक ट्रकमालक, सिन्नर

उत्तर : चालत नाहीत. पाटे ॲक्सलला बांधणारे हे यू-बोल्ट एकदा पुरते आवळले की ताणलेले असतात, आणि पुन्हा आवळताना ते आधीइतकी पकड देत नाहीत. पकड कमी झाली की पाटे ॲक्सलवर सरकू पाहतात आणि तो सगळा भार मधल्या सेंटर बोल्टावर येतो. त्याचे काम मात्र पाटे एका रेषेत ठेवण्याचे आहे, भार पेलण्याचे नव्हे. सेंटर बोल्ट वारंवार तुटत असेल, तर त्याची प्रत वाढवत बसण्याऐवजी यू-बोल्ट तपासावेत. नवे यू-बोल्ट समोरासमोरच्या नटांना आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत आणि भरल्या गाडीने सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण पाट्यांमधला गंज आणि रंग दबून पहिल्या काही फेऱ्यांतच ते ढिले पडतात.